एकवीस दिवसांची दुरुस्ती

धाकटीच्या हाती ती कादंबरी आली ती एका पँटमुळे. औषधाच्या दुकानासमोर तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत घर. वाचनालयातल्या ग्रंथपालबाई नवऱ्याची नवी पँट आखूड करायला घेऊन आल्या होत्या. "दुकानात घातली तेव्हा बरोबर होती. घरी येईपर्यंत एक तर पँट वाढली, नाहीतर हे खुंटले," असं म्हणून त्या बाकावर टेकल्या आणि पिशवीतून एक पुस्तक काढून त्यांनी कापायच्या टेबलावर ठेवलं.

"ताईंनी एवढं पुस्तक लिहिलं, आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत."

धाकटीच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच काही बोलावं लागलं नाही. पुस्तकावर थोरल्या बहिणीचं नाव होतं आणि मागे फोटो. केस पार पांढरे झाले होते. चष्मा बाबांसारखाच नाकावर घसरलेला. अकरा वर्षांनी बहिणीचा चेहरा दिसला तो असा, पोस्टाच्या चार तिकिटांएवढा.

"वाचून झालं की द्या. घाई नाही, फारसं कोणी मागत नाही ते," बाई म्हणाल्या आणि जीभ चावली. "म्हणजे, अजून लोकांना माहीत झालेलं नाही."

या दोघी बहिणी एकाच खोलीत वाढल्या होत्या. त्या खोलीच्या एका भिंतीला बाबांची पुस्तकांची तीन कपाटं होती आणि दुसऱ्या भिंतीला आईचं शिलाई मशीन. बाबा शाळेत गणित शिकवायचे. सिद्ध केल्याशिवाय ते पाऊस पडतोय हेसुद्धा मान्य करायचे नाहीत, असं आई म्हणायची. थोरली पुस्तकांच्या भिंतीकडे गेली, धाकटी मशीनच्या. थोरली शिकली, सात तासांवरच्या शहरात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागली. धाकटी आईशेजारी बसून काजं करायला शिकली आणि तिथेच राहिली. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "इतक्यांची मापं घेतली, जुळलं कुणाचंच नाही."

बाबा आधीच गेले होते. मग आईच्या पोटात गाठ निघाली. थोरली सुट्टी घेऊन आली, सगळे रिपोर्ट वाचले, तीन डॉक्टरांशी बोलली. ऑपरेशन केलं तर वर्षभर मिळेल, कदाचित जास्त, असं तिसरे डॉक्टर म्हणाले. थोरलीने तारीखही घेतली. धाकटी म्हणाली, आईला घरी नेऊ या. का, तर तिला सांगता येईना. आई उशीवर डोकं ज्या तऱ्हेने टेकत होती ते पाहून तिला कळलं होतं. पण ते काही रिपोर्टात लिहिण्यासारखं नव्हतं. आईला विचारलं तर आई म्हणाली, "धाकटी म्हणते तसं करा."

दवाखान्याच्या जिन्यात थोरली म्हणाली, "तुला काय कळतं गं यातलं?"

"मला आई कळते," धाकटी म्हणाली.

एवढंच. त्या संध्याकाळी थोरली परत गेली. आई घरी एकवीस दिवस जगली. एकोणिसाव्या दिवशी धाकटीने फोन केला. "परवा परीक्षा संपतात, लगेच निघते," थोरली म्हणाली, आणि निघालीही. पण आईला पोचवून धाकटी घरी आली तेव्हा ती बॅग घेऊन दारात उभी होती. दोन दिवस राहिली. दोघी एकमेकींना चहा देत होत्या, पण बोलल्या नाहीत. ऑपरेशन केलं असतं तर काय झालं असतं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि म्हणूनच तो विषय मिटेना. त्यानंतर अकरा वर्षं ना पत्र, ना फोन.

धाकटीने कादंबरी चार दुपारींत वाचली. जेवणानंतर तासभर गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा. पहिल्या दिवशी ती हसली. पुस्तकातली आई शिवणकाम करणारी होती आणि दोन हात लांब दोरा ओवत होती. खरी आई म्हणायची, "लांब दोरा घेणारीला शिवायचं नसतं, गाठी मारायच्या असतात." पुस्तकातली आई मखमलीवर इस्त्री फिरवत होती. धाकटीने कपाळाला हात लावला. तेवढ्याने लव चेपून सगळा झगा वाया गेला असता.

पण हळूहळू हसू ओसरलं. कादंबरीत त्यांचंच घर होतं. बाबांना जे सिद्ध करता येईल ते ठाऊक होतं. आईचं ज्ञान बोटांत होतं, आणि कोणी विचारलं की ती बोटांकडेच बघायची. डॉक्टरांना शंभरातले किती जगतात ते ठाऊक होतं, पण समोरची बाई त्या शंभरातली कितवी हे नव्हतं. धाकट्या मुलीला माणूस नुसतं बघून कळायचं. आणि थोरलीबद्दल एकच वाक्य होतं: "तिला शहाणपणाच्या सगळ्या प्रकारांची नावं पाठ होती, त्यातला एकही प्रकार तिच्याकडे नव्हता." ते वाक्य धाकटीने दोनदा वाचलं. तिला वाटलं, इतकंही काही खरं नाही. लहानपणी तिला ताप आला की थोरलीच गोष्टी रचून सांगायची, आणि त्या ऐकताना ताप उतरायचा. हे कुठलं शहाणपण, त्याला काय नाव, ते तिला माहीत नव्हतं.

चौथ्या दुपारी ती शेवटाकडे आली. कादंबरीत जिन्यातलं ते भांडण होतं, शब्द न् शब्द. फक्त पुढे उलटं होतं. पुस्तकात धाकटी रागावून निघून जात होती, आणि आईजवळ थोरली राहत होती. एकवीस दिवस. आईला कुशीवर वळवत होती, पाणी पाजत होती, तिचे पाय चेपत होती. शेवटच्या प्रकरणात आई तिचा हात हातात घेऊन जात होती.

धाकटीने पुस्तक मिटलं. एका बाईंचं झंपर द्यायचं होतं, ते शिवायला घेतलं आणि बाही उलटी बसवली. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. उसवताना ती स्वतःशीच म्हणाली, "सगळं नेलंस ते नेलंस. माझे दिवसही नेलेस."

आठवडाभर ती धुमसत होती. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाली, "अस्तर बरं आहे, वरचं कापड चोरीचं." बाई समजूतदार होत्या, त्यांनी पुढे विचारलं नाही.

मग एकदा औषधाच्या दुकानात एक माणूस विचारत होता, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना वळवायचं कसं, खांद्याला धरलं की ओरडतात. धाकटी तिथे खोकल्याचं औषध घ्यायला गेली होती. तिने त्याला दाखवलं: अंगाखाली चादर दुमडून घालायची, आणि माणूस न ओढता चादर ओढायची. तो माणूस निघून गेला, आणि ती तशीच काउंटरपाशी उभी राहिली. कादंबरीतली थोरली आईला खांद्याला धरूनच वळवत होती. पाणी पेल्याने पाजत होती. शेवटच्या आठवड्यात आईला पेला चालतच नव्हता, कापसाचा बोळा ओठांच्या कोपऱ्यात पिळावा लागायचा. थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारच कसं? तिने ते दिवस चोरले नव्हते. तिच्याकडे ते नव्हतेच, म्हणून तिने बसून एकेक रचला होता, आणि रचताना ठिकठिकाणी चुकली होती.

त्या दुपारी धाकटीने बिलबुकाच्या कोऱ्या पानांवर पत्र लिहिलं. सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून तिने सुरुवात केलीच नाही.

"पान अकरा. दोरा वीतभर, फार तर हातभर. दोन हात नाही.

पान चाळीस. मखमलीला इस्त्री लावत नाहीत. वाफेवर धरतात, उलट्या बाजूने.

पान एकशे तीन. आई कधीच गाणं म्हणत नव्हती. मशीन चालवताना बाबांची टिंगल करायची.

पान दोनशे बारा. खांद्याला धरून वळवलं तर दुखतं. चादरीने वळवतात."

अशी ती लिहीत गेली. नऊ पानं झाली. पाय चेपायचे नव्हते, आईला पायाला हात लावलेला सहन व्हायचा नाही. केस विंचरलेले आवडायचे. सातव्या दिवशी तिने लोणी मागितलं आणि नुसतं बघितलं. अकराव्या दिवशी म्हणाली, खिडकीचा पडदा कुठल्या गाढवाने बेतलाय, आणि तो तिनेच बेतलेला होता. शेवटच्या प्रकरणाशी धाकटी थांबली. त्यावर तिने काहीही लिहिलं नाही. खाली सहीऐवजी लिहिलं, "बाकी ठीक." प्रकाशकाचा पत्ता पुस्तकातच होता. पत्र पेटीत टाकल्यावर तिला वाटलं, हात घालून परत काढावं.

पाच आठवडे काही आलं नाही. दुकानाचा फोन वाजला की ती पहिल्या घंटीला उचलायची आणि पलीकडे कोणीतरी विचारायचं, "माझा परकर झाला का?" तिला स्वतःचाच राग यायचा. अकरा वर्षं वाट पाहिली नव्हती, असं तिला वाटत होतं. आता कळत होतं की रोजच पाहिली होती, फक्त कामात होती.

सहाव्या आठवड्यात, रविवारी, दुकान बंद असताना फोन आला.

"वीतभर म्हणजे तुझी वीत की माझी?" पलीकडून आवाज आला. थोडा घोगरा झालेला, पण तोच.

"तुझी चालेल," धाकटी म्हणाली. "तुझी मोठी आहे."

मग थोरली म्हणाली, "पत्र महिनाभर प्रकाशकाकडेच पडून होतं. काल मिळालं. रात्रभर वाचत होते."

"नऊ पानांना रात्र लागली?"

"लागली."

"ताई, ते उलटं का केलंस?" धाकटीने विचारलं. "राहिले मी, आणि लिहिलंस तुला?"

"मला बघायचं होतं, राहिले असते तर कशी राहिले असते. दुसरा काही मार्ग नव्हता गं मला. बघितलं. मला पाणीसुद्धा पाजता आलं नसतं, हे तुझ्या पत्रावरून कळलं." मग तिने विचारलं, "चिडलीस?"

"बाही उलटी बसवली, एवढी."

थोरली हसली. मग हळूच म्हणाली, "मला ते दिवस सांगशील? खरे. सगळे एकदम नको."

तसं ठरलं. दर रविवारी अकरा वाजता थोरली फोन करायची आणि धाकटी एक दिवस सांगायची. सुरुवातीला दहा मिनिटांत दिवस संपायचा. मग तिला जास्त जास्त आठवू लागलं: आई काय म्हणाली, कोण भेटायला आलं आणि नको तेवढा वेळ बसलं, दुपारी ऊन कुठपर्यंत आलं. थोरली मध्ये बोलायची नाही. कधी कधी कागदाचा आवाज यायचा. "लिहून घेतेस?" धाकटीने विचारलं. "नाही," थोरली म्हणाली, "नाक पुसतेय." आठवडाभर धाकटी शिवता शिवता पुढचा दिवस मनात जुळवायची. गिऱ्हाइकं म्हणायची, हल्ली तुमचं लक्ष कुठे असतं.

पंधरावा दिवस झाला, सोळावा झाला. एकोणिसाव्या दिवसाचे तिने दोन रविवार केले. त्या दिवशी आपण फोन केला होता, म्हणून सांगायचं जास्त आहे, असं तिने थोरलीला सांगितलं; खरं तर तिला पुढे जायचं नव्हतं. विसावा झाला. मग थोरली म्हणाली, "शेवटच्या प्रकरणावर तू काहीच लिहिलं नव्हतंस. बाकी इतक्या चुका काढल्यास. तिथे एकही नव्हती?"

"ते फोनवर नाही सांगत. तू ये."

"मला यायचंय," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की धाकटीला ती चाळीस वर्षांपूर्वीची, शाळेच्या सहलीला जायला न मिळालेली थोरली दिसली. "गुडघा बदललाय. आठ दिवस झाले. काठीशिवाय संडासापर्यंतसुद्धा जाता येत नाही."

"ऑपरेशन केलंस आणि सांगितलं नाहीस?"

"तुला ऑपरेशन म्हटलं की काय वाटेल, म्हणून."

धाकटीने त्याच दिवशी दारावर कागद लावला: "तीन दिवस बंद. कपडे समोर औषधवाल्यांकडे." आणि सात तासांच्या गाडीत बसली. इतक्या लांब ती कधी गेली नव्हती. खिडकीबाहेर शेतं, गोदामं, पुन्हा शेतं. हाच रस्ता थोरलीने त्या वेळी केला होता, पोचायला उशीर होतोय हे माहीत असून. सात तास. याआधी धाकटीच्या मनात हे कधी आलं नव्हतं.

थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार शेजारणीने उघडलं आणि ती निघून गेली. सगळीकडे पुस्तकं, बाबांच्या कपाटांपेक्षा जास्त. थोरली पलंगावर उशांना टेकून बसली होती. फोटोतल्यापेक्षा बारीक. अंगातला गाऊन खांद्यावरून चार बोटं उतरलेला.

"हा कोणी शिवला?" धाकटीने विचारलं.

"तयार घेतला."

"वाटलंच."

तिने बॅग ठेवली, हात धुतले, थोरलीच्या पाठीमागच्या उशा काढून नीट रचल्या. थोरलीने डोळे मिटले. "अशा कोणाला लावता येत नाहीत," ती म्हणाली. चहा झाला. कप खाली ठेवल्यावर धाकटी पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. थोरली म्हणाली, "सांग."

"एकविसाव्या दिवशी तिला दिसत नव्हतं," धाकटी म्हणाली. "सकाळपासून. आवाज कळायचे, पण कोण ते कळायचं नाही. चार वाजता तिने विचारलं, थोरली आली का? आदल्या दिवशीपण विचारत होती, मी म्हणत होते, येतेय, निघालीय. त्या दिवशी पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं, आली."

थोरलीने चष्मा काढून उशीवर ठेवला.

"म्हटलं, आली, ही बघ, इथे बसलीय. आणि तिचा हात धरला. तिने चाचपून बघितला. माझी बोटं सुईने टोचलेली, तिला कळायला हवं होतं. तिला सगळं बोटांनीच तर कळायचं. पण नाही कळलं. किंवा कळलं असेल, बोलली नाही. म्हणाली, परीक्षा झाल्या का गं? मी म्हटलं, झाल्या. म्हणाली, मग आता थांब. तुझा हात धरून पाऊण तासाने गेली."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं.

"तू लिहिलंस ते बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "तिच्यापुरतं तसंच झालं. म्हणून मी काही लिहिलं नाही. तुला कसं कळलं, हे मात्र मला कळत नाही. मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

"मला कळलं नव्हतं. मला तसं हवं होतं."

थोरली रडली. बाबा गेल्यावरही ती अशी रडली नव्हती. धाकटीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मला राग याचा नव्हता की तू नव्हतीस. राग याचा होता की एकवीस दिवसांत तिने एकदाही माझी चौकशी केली नाही. करेल कशाला म्हणा, मी तिथेच होते. जी असते तिला कोण विचारतं? पण मला वाटायचं, शेवटी एकदा तरी 'धाकटी कुठेय' म्हणेल. तेव्हा मीच तुझं नाव घेऊन बसले होते."

थोरलीने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. "ती मला दर आठवड्याला फोन करायची," ती म्हणाली. "आजारी पडेपर्यंत. तू बाजारात गेलीस की."

"माहीत आहे. बिल यायचं."

"कशाबद्दल बोलायची ते माहीत आहे? मी माझ्या कॉलेजचं सांगायला लागले की म्हणायची, ते राहू दे, ऐक. धाकटीने आज एका बुटक्या माणसाचा कोट असा बेतला की तो उंच होऊन गेला. धाकटी कोणाला बघून सांगते की याच्या घरी भांडण झालंय, आणि झालेलं असतं. माझ्यापेक्षा सरस हात आहे तिचा, पण तिला सांगू नकोस. दर आठवड्याला. मला इतका हेवा वाटायचा तुझा."

धाकटीचे ओठ हलत होते, जणू ती ते शब्द मोजून घेत होती. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिने?"

"ठाऊक नाही," थोरली म्हणाली. बाबांसारखं कारण शोधायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"आणखी काय म्हणायची?"

"पुष्कळ."

"मग सांग. एकदम नको."

तीन दिवसांचे अकरा दिवस झाले. औषधवाल्यांनी फोन करून सांगितलं की त्यांचं दुकान आता परकरांनी भरलंय. धाकटीने थोरलीला काठीने चालायला लावलं, गाऊनचे खांदे उसवून नीट बसवले, आणि दुपारी खुर्चीत बसून आई तिच्याबद्दल काय म्हणायची ते ऐकलं. काही गोष्टी तिने दोनदा सांगायला लावल्या. एक-दोन तिला खऱ्या वाटल्या नाहीत. ताईने रचल्या असाव्यात, असं तिला वाटलं. तिने विचारलं नाही.

हिवाळ्यात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. दोरा वीतभर झाला, मखमल वाफेवर गेली, चादर दुमडली गेली. थोरलीच त्यात आईजवळ राहिली होती, आणि शेवटचं प्रकरण जसंच्या तसं होतं. ते तसंच ठेव, असं धाकटीनेच सांगितलं होतं.